चार खिळे आणि उलटा सहा

मी एक जुनी पाटी आहे. पाटी म्हटल्यावर तुम्हाला शाळेतली काळी पाटी आठवली असेल, तर मित्रांनो, ती मी नव्हे. मी पत्र्याची, दुकानाच्या दारावर टांगायची पाटी. लांबी हातभर, रुंदी वीतभर. अंगावर निळ्या अक्षरांत 'परत येतो', त्याखाली ओळीने चार खिळे, आणि डावीकडचे दोन व उजवीकडचे दोन यांच्या मध्ये दोन लाल ठिपके. खिळ्यांवर अंकांच्या पट्ट्या अडकवल्या की माझ्यावर वेळ दिसते. माझ्यात काटे नाहीत, चाकं नाहीत, किल्लीही नाही. तरी एकेकाळी माझ्यावरच्या वेळेवर लोक आपली घड्याळं लावून घ्यायचे. थाप मारत नाही हो. पुढे ऐका तर खरं.

मला एका पेंटरने तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून कापून काढलं. त्याला माझी ऑर्डर दिली होती एका घड्याळजीने. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचं दुकान बस डेपोच्या समोर, एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पोट आत घ्यावं असं. डेपोतली वेळापत्रकं चोवीस तासांची, आणि घड्याळजीची निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे तिथलेच ड्रायव्हर-कंडक्टर. म्हणून माझ्यावरही दुपारचे दोन म्हणजे 14:00 असंच लागायचं.

पेंटरने बावीस पट्ट्या रंगवल्या. घड्याळजीने त्या मोजल्या, पालथ्या केल्या, पुन्हा मोजल्या.

"अहो, यात 9 एकही नाही."

"9 कशाला वेगळा?" पेंटर म्हणाला. "6 ला वरही भोक पाडलंय आणि खालीही. उलटा टांगा, झाला 9. पत्रा काय झाडाला लागतो?"

घड्याळजीला ते पटलं. आमच्या दुकानात 9 नावाचा अंक कधी जन्मालाच आला नाही, तो असा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे हिने एकीच्या तोंडचं पाणी पळवलं.

घड्याळजी रोज दुपारी जेवायला घरी जायचा. जाताना मला दारावर टांगायचा आणि परत यायची वेळ लावायचा. त्याचा एक नियम होता. लावलेल्या वेळेच्या आत यायचं. पाच मिनिटं आधी आलं तर चालेल, एक मिनिट उशीर चालणार नाही. "माणूस वेळ वाचून बिचारा उन्हात थांबतो," तो म्हणायचा. "त्याला फसवायचं म्हणजे काय?" एक जाडा कंडक्टर तर पैज लावायचा. माझ्यावर 14:30 असलं की तो 14:29 ला डेपोच्या फाटकाशी उभा राहायचा आणि बरोबरच्यांना म्हणायचा, "बघा हं, आता कोपऱ्यावरून टोपी दिसेल." आणि टोपी दिसायचीच. तेव्हा माझी छाती अशी फुगायची की खिळे निखळतील की काय अशी भीती वाटायची.

घड्याळजीला एक मुलगी होती. सारखी बडबड करायची म्हणून तिला सगळे टिकू म्हणत. ती अंक शिकली ते माझ्या पट्ट्यांवर. पहिलीत बाईंनी विचारलं, "एकूण अंक किती?" ही ताडकन उठून म्हणाली, "नऊ! शून्य ते आठ. 9 म्हणजे उलटा 6 असतो, तो वेगळा नसतो." बाईंनी घड्याळजीला बोलावून घेतलं. परत आल्यावर त्याने ही हकिकत बायकोला सांगितली आणि दोघं एवढी हसली की टिकू रुसून काउंटरखाली जाऊन बसली.

टिकू सात वर्षांची असताना एकदा दुपारी वादळ झालं. पट्ट्यांची पेटी पायरीवरच राहिली होती. पेटी उलटली, निम्म्याहून जास्त पट्ट्या गटारात गेल्या. उरल्या नऊ. दोन 0, एक 1, एक 2, एक 3, एक 4, एक 5 आणि दोन 6. पेंटर तोवर दुसऱ्या गावी निघून गेला होता. घड्याळजी म्हणाला, "मीच कापतो नव्या." पण त्या दिवशी टिकूने उरलेल्या पट्ट्या घेऊन असा काही खेळ मांडला की नव्या पट्ट्या राहिल्या त्या राहिल्याच.

खेळ असा. शाळा सुटली की ती दुकानात यायची. घड्याळजी टोपी घालता घालता विचारायचा, "टिकू, मी सव्वातीनपर्यंत येईन. लाव बघू."

सव्वातीन म्हणजे 15:15. त्याला दोन 1 लागतात, दोन 5 लागतात. आमच्याकडे एकेकच.

"होत नाही, बाबा."

"मग जवळची कुठली?"

"15:09! 6 उलटा!"

"अगं, तेवढ्यात मी कसा पोचेन? उडत येऊ?"

मग ती पट्ट्या अडकवायची, काढायची, पुन्हा अडकवायची. 15:16 नाही, त्याला दोन 1. 15:17 ला तर 7 च नाही. शेवटी 15:20 लावून ती टाळ्या पिटायची. मध्येच ओठ चावत नुसती विचार करत बसली की घड्याळजी म्हणायचा, "अंदाज नको. डोक्याला ताण कशाला देतेस? खिळे आहेत, पट्ट्या आहेत, लावून बघ. सगळं लावून बघितलं की चुकायला जागाच उरत नाही."

ते दिवस फार चांगले होते. मला वाटायचं, हे असंच चालणार.

टिकू अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी बाराच्या सुमारास शेजारच्या शिंपीणबाई धावत आल्या. टिकूची आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती, तिला दवाखान्यात नेत होते. घड्याळजी उठला. सवयीने त्याने मला दारावर टांगलं. पेटीतून 1 उचलला, मग 5 उचलला, आणि पट्ट्या हातात धरून तसाच उभा राहिला.  मग त्याने दोन्ही पट्ट्या पेटीत परत ठेवल्या, शटर ओढलं आणि गेला.

माझे चारी खिळे रिकामे होते. 14:30 ला तो कंडक्टर आला, मला बघितलं आणि पैज न लावता निघून गेला. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी घड्याळजी आला, बरोबर टिकू होती. टिकूची आई आली नाही. ती आता येणारच नव्हती.

शटर वर गेल्यावर टिकूने माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, त्या दिवशी वेळ का नाही लावलीत?"

"ठाऊक नव्हती गं."

"कुठलीतरी लावायची."

"कुठलीतरी लावली असती तर ती थाप झाली असती," घड्याळजी म्हणाला. "ठाऊक नसेल तेव्हा खिळे रिकामे ठेवायचे. लोकांना तेवढं तरी खरं कळतं."

त्यानंतर तो दुपारी घरी गेला नाही. डबा दुकानातच आणायला लागला. परत यायचं कुठून, कुठे गेलाच नाही तर? मला त्याने दाराच्या मागे, छत्र्यांच्या खुंटीला अडकवलं. मित्रांनो, मी तिथे वीसेक वर्षं होते. मी रागावले नाही. दुःखी माणसाच्या हातून वस्तूंची हेळसांड होते, ती त्याला कळतही नाही. पण पट्ट्यांचं वाईट वाटायचं. 3 डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेला. 4 ने रंगाचा डबा उघडताना तो वाकला आणि केरात गेला. 1 ग्रीस काढायला घेतला, तो परत आलाच नाही. एक 0 चहाच्या पेल्यावर झाकण म्हणून वापरला जायचा, एक दिवस तो पेल्यासकट पडला. 5 कुठे गेला ते मला आजतागायत माहीत नाही. शेवटी पेटीत उरल्या चार पट्ट्या. 0, 2, 6 आणि 6.

टिकू मोठी झाली. कॉम्प्युटरचं शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. जावई बोटीवर कामाला, सहा सहा महिने समुद्रात. मग तिला मुलगी झाली. त्याच वर्षी घड्याळजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लहान बाळ आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे चाचपडत चालणारे बाबा, दोघांना सांभाळायला टिकूने नोकरी सोडली आणि माहेरी येऊन राहिली. सहा महिन्यांसाठी सोडली होती. बघता बघता पाच वर्षं झाली.

पाच वर्षांनी तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. आता दुकानात गिऱ्हाईक फारसं नसायचं, म्हणून ती अभ्यासाला तिथेच येऊन बसायची. अकरा ठिकाणी अर्ज केले. काहींनी उत्तर दिलं नाही. काहींनी विचारलं, पाच वर्षं काय करत होता? बाराव्या ठिकाणी तिला शेवटच्या फेरीपर्यंत बोलावलं. त्या आठवड्यात एकदा तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "बाबा, माझं डोकं गंजलंय. हे जमलं तर जमलं. नाहीतर मी पुन्हा अर्ज करणार नाही. घरीच बसेन."

गंज म्हणजे काय ते मला विचारा. माझ्या डाव्या कोपऱ्याला चांगला बोटभर होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, गंज वरवर असतो, घासून बघ तरी! पण पाट्यांना तोंड नसतं.

त्याच संध्याकाळी छत्री काढताना तिचा हात मला लागला. "अय्या, ही अजून आहे?" म्हणत तिने मला काढलं, ओढणीने पुसलं, पेटी शोधली, त्या चार पट्ट्या खिळ्यांना अडकवल्या आणि मला काउंटरवर भिंतीला टेकवून ठेवलं. किती वर्षांनी माझ्या अंगाला उजेड लागला!

मुलाखत मंगळवारी सकाळी अकराला होती, लॅपटॉपवरूनच. घरी छोटीचा दंगा, म्हणून टिकू दुकानातून बोलणार होती. छोटी म्हणजे तिची मुलगी. तिला त्या दिवशी शिंपीणबाईंकडे ठेवलं होतं. आणि मित्रांनो, घड्याळजीने त्या सकाळी काय केलं माहीत आहे? दुकानात एकतीस चालू घड्याळं होती. बरोबर अकराला त्यातल्या बारा घड्याळांचे टोले पडायचे. पावणेअकराला तो स्टुलावर चढला आणि त्याने एकेक करून सगळे लंबक थांबवले. जन्मात त्याने चालतं घड्याळ बंद केलं नव्हतं. सगळं दुकान असं चिडीचूप झालं की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग तो आपल्या टेबलाशी भिंग लावून बसला. हातात घड्याळ होतं, पण स्क्रू एकही फिरत नव्हता.

पडद्यावर एक बाई आल्या. पांढरे होत आलेले केस, गळ्यात अडकवलेला चष्मा, आवाज मऊ. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक छोटं कोडं देते. तुम्हाला चार अंक दिलेत. त्यांची जागा बदलून चोवीस तासांच्या घड्याळातली सगळ्यात उशिराची वेळ बनवायची. चारही अंक वापरायचे, प्रत्येक एकदाच. आधी उदाहरण घेऊन सांगा. अंक तुमच्या मनाचे घ्या."

माझ्या पत्र्यातून शिरशिरी गेली. हे कोडं! आमचं कोडं! टिकूच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. तिने समोर माझ्याकडे पाहिलं. "0, 2, 6, 6," ती म्हणाली. "यातली सगळ्यात उशिराची वेळ 09:29."

टेबलाशी बसलेल्या घड्याळजीने 'अगदी बरोबर' अशी मान डोलावली. दोघं एकाच शाळेतली!

पडद्यावरच्या बाई थोड्या पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "यात 9 कुठून आले?"

टिकूने पट्ट्यांकडे पाहिलं. तिला कळलं. घड्याळजीला कळायला थोडा वेळ लागला, पण त्यालाही कळलं, आणि त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. तेवढ्यात ड्रॉवरमध्ये दुरुस्तीला आलेलं एका गिऱ्हाइकाचं गजराचं घड्याळ ठणाणा वाजायला लागलं. एकतीस घड्याळं बंद केली आणि हेच नेमकं राहिलं! घड्याळजीने ड्रॉवर उघडला, घड्याळ काढलं, त्याला कळ सापडेना, शेवटी ते खुर्चीवर ठेवून तो त्याच्यावर चक्क बसला. गजर त्याच्याखालून घुसमटत बराच वेळ वाजत राहिला.

"सॉरी मॅडम," टिकू म्हणाली.  मला वाटलं, संपलं. आता ही लॅपटॉप मिटणार. घड्याळजी अर्धा उठला, काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, आणि पुन्हा बसला. परीक्षा तिची होती. त्याला तिथे बसवत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं, हे मी पाहत होते.

मग टिकूने मला उचललं आणि लॅपटॉपसमोर धरलं.

"मॅडम, खरं सांगते. माझे बाबा घड्याळजी आहेत. ही त्यांच्या दुकानाची पाटी. हिच्यात 9 नाहीच, 6 उलटा लावायचा. मी लहानपणापासून तसंच करत आले, म्हणून तोंडातून तसंच निघालं. तुमच्या कोड्यात 6 म्हणजे 6 च. माझं चुकलं. मी पुन्हा करू का?"

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट निरखलं. एवढ्या लांबून मला कुणी पहिल्यांदाच बघत होतं. "करा की," त्या म्हणाल्या. "वेळ आहे."

टिकूने पहिल्या खिळ्यावर 2 लावला, कारण तासात पहिला अंक 2 च्या वर जात नाही. पुढे 6 लावून बघितला. सव्वीस वाजत नाहीत, म्हणून काढला आणि 0 लावला. हातात दोन 6 उरले. 20:66.

"सहासष्ट मिनिटं होत नाहीत," ती म्हणाली. "मोठ्यात मोठा अंक आधी बसवायची घाई केली की मागचे अडकतात."

"मग काय कराल?"

टिकूचा हात थांबला. ती ओठ चावत होती, अगदी लहानपणी चावायची तशी. मग तिने चारही पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. "अंदाज नाही करत," ती म्हणाली. "सगळं लावून बघते. पहिल्या खिळ्यावर चारातली कुठलीही पट्टी, दुसऱ्यावर उरलेल्या तिनातली, तिसऱ्यावर दोनातली, चौथ्यावर राहिलेली. चोवीस प्रकार होतात, जास्त नाही. प्रत्येक वेळी बघायचं, तास चोवीसच्या आत आहे का, मिनिटं साठच्या आत आहेत का. असतील तर त्यातली सगळ्यात उशिराची जपून ठेवायची."

आणि ती टाइप करायला लागली. बोटं सुरुवातीला अडखळली, मग अशी चालली की तिची आई दुकानात बसून भाजी चिरायची तेच मला आठवलं. शेवटी तिने एक कळ दाबली. पडद्यावर आलं: 06:26.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता शेवटचं. समजा मी 6, 6, 7, 8 दिले. यांची वेळ होतच नाही. तेव्हा तुमचा प्रोग्रॅम काय सांगेल?"

टिकूने माझ्याकडे पाहिलं. पट्ट्या काउंटरवर पडल्या होत्या. माझे चारी खिळे रिकामे होते.

 तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. "काहीच सांगणार नाही, मॅडम," ती म्हणाली. "रिकामं ठेवेल. कुठलीतरी वेळ दाखवली तर ती थाप होईल. समोरचा माणूस त्या वेळेवर विसंबून थांबतो."

टेबलाशी घड्याळजीने भिंग डोळ्यावरून काढलं आणि ते बराच वेळ रुमालाने पुसत बसला.

बाई म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी चार वाजता कळवते." मुलाखत संपली. घड्याळजी स्टुलावर चढला, एकेक लंबकाला बोट लावून घड्याळं पुन्हा सुरू करायला लागला. टिकू मागून विचारत होती, "बाबा, फार मोठी चूक झाली का हो?" तो म्हणाला, "ती चूक माझी. त्या पेंटरचं ऐकलं."

गुरुवारी दोघं काउंटरशी फोन मध्ये ठेवून बसली. चारला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. टिकूने ऐकलं, "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली, आणि मग खळखळून हसली.

"काय म्हणाल्या?" घड्याळजीला दम धरवत नव्हता.

"सोमवारपासून या म्हणाल्या. आणि ती पाटी कुठे विकत मिळते विचारत होत्या!"

"चार म्हणाल्या आणि चारच्या आत फोन केला," घड्याळजी म्हणाला. "बाई चांगल्या आहेत हो." आणि मग तो, एवढा मोठा माणूस, काउंटरवर डोकं ठेवून रडला.

त्या वर्षी घड्याळजीने दुकान बंद केलं. हात कापायला लागले होते. पण शेवटचं काम त्याने माझ्यासाठी केलं. जुन्या घड्याळांच्या तबकड्या कापून त्याने नव्या पट्ट्या केल्या, कापऱ्या हाताने अंक रंगवले. त्यात एक 9 केला. खरा 9, एकाच भोकाचा, सुलटा. "आता घोटाळा नको," म्हणाला. मला त्याने घरी नेलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, छोटीचा हात पोचेल इतक्या खाली लावलं. 'येतो'चा काना खरवडून 'येते' केलं. रोज सकाळी टिकू जाताना सांगते, आणि छोटी वेळ लावते. बहुतेक दिवस 18:30. आणि 18:30 च्या आत दारात किल्ली वाजते.

एका संध्याकाळी मात्र फोन आला. "बाबा, इकडे काहीतरी बिघडलंय. सगळे थांबलेत. किती वेळ लागेल सांगता येत नाही."

घड्याळजीने फोन ठेवला आणि माझ्याकडे आला. माझ्यावरचे 18:30 त्याने एकेक करून काढले. पट्ट्या पेटीत परत ठेवल्या, त्या जुन्या दुपारी ठेवल्या तशा. 

छोटी बघत होती. "आजोबा, रिकामं का केलंत? आई येणार नाही?"

 घड्याळजी गुडघे धरून हळूच तिच्याजवळ खाली बसला. "येणार," तो म्हणाला. "कधी ते तिला अजून ठाऊक नाही. म्हणून तिने सांगितलं नाही. तुझी आई थापा मारत नाही गं."

दोघं माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिली. छोटीने पट्ट्यांची रांग लावली, मोडली, पुन्हा लावली. खिडकीतला उजेड जाऊन दिवे लागले. मग फोन वाजला. छोटीने तो झडप घालून उचलला, ऐकलं आणि ओरडली, "सात वाजून नऊ मिनिटं!"

19:09. छोटीने 1 लावला. 9 लावला. 0 लावला. मग पेटीत हात घातला आणि थबकली. 9 एकच होता.

 छोटीने पेटी चाळली, पेंटरने रंगवलेला तो जुना 6 उचलला, फिरवून बघितला आणि उलटा करून चौथ्या खिळ्याला अडकवला.

19:07 ला दारात किल्ली वाजली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. निळा रंग उडालाय, एक ठिपका जवळजवळ दिसत नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की जुन्या वस्तूंच्या चार पट्ट्या उरल्या असतील तर त्या टेबलाच्या पायाखाली घालू नका, कुणाचं डोकं त्यांच्यावर घडलेलं असतं. आणि कुणाला वेळ दिलीत तर तिच्या आत या. येता येणार नसेल, कधी ते ठाऊक नसेल, तर खिळे रिकामे ठेवा, पण फोन मात्र करा. दाराशी कुणीतरी पट्ट्या हातात घेऊन बसलेलं असतं.